कविता महोत्सव म्हणजे सहल नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एम.ए.च्या वर्गातले ११ विद्यार्थी घेऊन मी दोन दिवसांच्या एका कविता महोत्सवाला गेले होते. परवानगीच्या अर्जात ‘कारण’ या रकान्यात मी ‘अभ्यास’ असं लिहिलं होतं. अर्ज परत आला तेव्हा तो शब्द खोडून कुणीतरी ‘सहल’ केलेलं होतं. एका पालकांनी तर फोन करून विचारलं, ‘मॅडम, याला मार्क किती?’ त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. फोनवर मला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून हे पत्र.

आमचे विद्यार्थी कविता डोळ्यांनी शिकतात. लघू-गुरूच्या खुणा करतात, गण पाडतात, यती, म्हणजे ओळीतला थांबा, कुठे येते ते पाठ करतात. भुजंगप्रयात वृत्त म्हणजे चार ‘य’ गण, बारा अक्षरं, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. वृत्ताचं बंधन नसलेल्या मुक्तछंदातली ओळ कवीने इथेच का तोडली, असं विचारलं की मात्र वर्ग गप्प होतो.

महोत्सवात एका कवयित्रीने वाचलेली कविता आम्ही आधी वर्गात केली होती. माझ्या एका विद्यार्थिनीच्या हातात तिची झेरॉक्स होती, पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली. छापील कवितेची तिसरी ओळ ‘आणि’वर संपते, आणि त्या ‘आणि’नंतरच्या थांब्यावर आम्ही वर्गात चांगला अर्धा तास बोललो होतो. कवयित्री तिथे थांबलीच नाही. ती ओळ तिने पुढच्या ओळीत सरळ ओढून नेली आणि थांबली ती बरीच पुढे, जिथे कागदावर ना स्वल्पविराम आहे ना नवी ओळ. प्रश्नोत्तरांत आमच्या मुलीने भीतभीत हात वर केला. वाचताना आपण असं करतो हे आपल्याही ध्यानात आलं नव्हतं, असं त्या बाईंनी मोकळेपणाने सांगितलं. मग पुस्तक पुन्हा उघडून त्यांनी त्याच सहा ओळी दोनदा वाचल्या, एकदा छापल्याप्रमाणे थांबत, एकदा आपल्या श्वासाप्रमाणे. पहिल्या वाचनात तो ‘आणि’ अधांतरी लोंबकळत राहिला, पुढे काय येणार याची धास्ती वाटली. दुसऱ्या वाचनात ती धास्ती नव्हती, एका दमात सांगून टाकल्यासारखं वाटलं. ओळ तोडणं हा अर्थाचा भाग असतो, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले आहे. त्या दिवशी ते मुलांना ऐकू आलं.

परत आल्यावर ग्रांथिक ओवी, म्हणजे ज्ञानेश्वरीसारख्या ग्रंथांतली ओवी, शिकवताना हाच कान कामाला आला. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि विनायमक, ही व्याख्या सगळ्यांना येत होती. या वेळी मुलांनी आपणहून मोठ्याने वाचायला घेतलं आणि चौथ्या चरणावर आवाज कसा आपोआप खाली उतरतो ते एकमेकांना दाखवलं. २१ मार्च हा जागतिक कविता दिन युनेस्कोने १९९९मध्ये जाहीर केला, तेव्हा काव्यवाचनाच्या मौखिक परंपरेकडे परतणं हा त्यामागचा एक हेतू होता. तो हेतू विद्यापीठांच्या मराठी विभागांनी सर्वांआधी उचलायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

दुसरी मोठी मिळकत अनुवादाच्या सत्रातली. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला १९७०पासून भरणाऱ्या कविता महोत्सवात कवी आपल्याच भाषेत वाचतो आणि अनुवाद पडद्यावर दिसतो. आमच्याकडचं सत्र छोटं होतं, पण पद्धत तीच. एका मराठी कवितेत सुरुवातीला ‘आम्ही’ येतं आणि शेवटच्या ओळीत ‘आपण’. ऐकणाऱ्याला वगळणारा बोलणारा शेवटी त्याला आपल्यात घेतो, कवितेचा सगळा प्रवास तो एवढाच. हिंदीत दोन्हीकडे ‘हम’, इंग्रजीत दोन्हीकडे ‘वुई’. अनुवादिका पंधरा मिनिटं या एका शब्दावर बोलत होती. शेवटच्या ओळीत ‘तुम्हीसुद्धा’ असा अर्थ घालायचा की ओळ तशीच सोडून द्यायची, यावर श्रोत्यांतही दोन तट पडले. आमच्या मुलांनी जन्मापासून वापरलेल्या दोन सर्वनामांकडे त्या दिवशी पहिल्यांदा निरखून पाहिलं. आपल्या भाषेत काय आहे हे कळायला ते दुसरीकडे नेऊन पाहावं लागतं.

महोत्सवात सगळंच उत्तम होतं असं मी म्हणणार नाही. सर्वांत जास्त टाळ्या मिळवणाऱ्या कवीचा संग्रह आमच्या एका मुलाने तिथल्या तिथे विकत घेतला. दुसऱ्या दिवशी तो हिरमुसून माझ्याकडे आला, कारण पुस्तकात ती कविता त्याला सपाट वाटली. त्याला फसवल्यासारखं झालं होतं. मला मात्र आनंद झाला. आवाज, हातवारे, परिचित टाळीची जागा, हे सगळं बाजूला केल्यावर शब्दांत किती उरतं हे त्याने स्वतः तपासलं होतं, आणि समीक्षेची सुरुवात इथूनच होते. याउलट खालमानेने, पुटपुटत वाचणाऱ्या एका कवीची कविता मुलींनी त्याच रात्री वहीत उतरवून घेतली.

शिवाय अभ्यासक्रमात नसलेले, आज लिहिणारे कवी भेटतात, छोट्या प्रकाशकांची आणि अनियतकालिकांची टेबलं पाहायला मिळतात. त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे.

पण नुसतं जाऊन बसल्याने हे होत नाही. जाण्याआधी किमान दोन कवी वाचलेले असावेत. मोबाइल पिशवीत ठेवावा, कारण चित्रण करणारा विद्यार्थी ऐकत नसतो. त्याच रात्री दोन पानं लिहावीत, आणि ती ‘छान वाटलं’ अशी नसावीत, एकाच कवितेवरची असावीत. विभागांनी या पानांना अंतर्गत मूल्यमापनात जागा द्यावी. त्या पालकांना माझं उत्तरही तेच आहे, मार्क असायला हवेत.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक विनंती आहे. महोत्सवाच्या बातमीत उद्घाटनाचं छायाचित्र आणि पाहुण्यांची नावं येतात, कवितेची ओळ सहसा येत नाही. त्याऐवजी महोत्सवाच्या आठ दिवस आधी, तिथे वाचणाऱ्या दोन-तीन कवींची एकेक कविता त्यांच्या परवानगीने छापता आली तर पाहावं. ते कात्रण वहीत चिकटवून, पेन्सिलीने खुणा करून आमची मुलं येतील.

आपली,
मराठीची एक प्राध्यापिका