आकडा दिलात, पुढचा रस्ता कधी देणार?

प्रति,
मा. आरोग्यमंत्री महोदय,

विषय : प्रोस्टेट तपासणी शिबिरं आणि त्यानंतरचं काम

स. न. वि. वि.

नोव्हेंबर जवळ आला की पुरुषांच्या आरोग्याची पोस्टरं लागतात, शिबिरं भरतात आणि ‘पन्नाशी उलटली? पीएसए करून घ्या’ अशी हाक दिली जाते. पीएसए म्हणजे प्रोस्टेट कॅन्सरचा अंदाज घेण्यासाठीची रक्तचाचणी. हेतू चांगलाच आहे. पण माझी नोकरीची सगळी वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली, हे रिपोर्ट मी स्वतः लोकांच्या हातात दिले आहेत, म्हणून लिहितो. शिबिरात रक्त काढणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. अवघड काम रिपोर्ट आल्यावर सुरू होतं, आणि तिथे आपल्या खात्याचं कोणी उभं नसतं.

पीएसएचा आकडा चारच्या वर गेला की तो ठळक छापला जातो. समोरचा माणूस तेवढाच वाचतो आणि विचारतो, “म्हणजे कॅन्सर आहे का?” लॅबवाल्याने उत्तर द्यायचं नसतं. “डॉक्टरांना दाखवा” म्हणून पुढच्याला हाक मारायची. खरं तर पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं प्रथिन आहे. ग्रंथी वयामुळे मोठी झाली तरी ते वाढतं, जंतुसंसर्गात वाढतं, लघवीची नळी घातल्यावर वाढतं, एक-दोन दिवसांत वीर्यस्खलन झालेलं असेल तरी थोडं वर जातं. चार ते दहाच्या दरम्यान आकडा आलेल्यांपैकी साधारण चारांत एकाला बायोप्सीत, म्हणजे ग्रंथीचे बारीक तुकडे काढून केलेल्या तपासणीत, कॅन्सर सापडतो. उलट, वाढलेल्या प्रोस्टेटसाठी दिली जाणारी फिनास्टेराइडची गोळी काही महिने चालू असेल तर आकडा जवळजवळ निम्मा होतो आणि खोटा धीर देतो. ही गोळी केस गळू नयेत म्हणूनही घेतात. शिबिराच्या फॉर्मवर मात्र तिच्याबद्दलचा प्रश्न मला कधी दिसला नाही.

पोस्टरवरच्या मजकुराबद्दलही माझी तक्रार आहे. लघवीची धार बारीक होणं, थेंब थेंब होणं, रात्री तीनतीनदा उठावं लागणं ही लक्षणं ‘प्रोस्टेट कॅन्सर ओळखा’ या मथळ्याखाली छापली जातात. प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली मूत्रनलिकेभोवती असलेली, तरुणपणी अक्रोडाएवढी ग्रंथी. वयानुसार ती नलिकेला लागून असलेल्या आतल्या भागात वाढते, म्हणून धार अडते. कॅन्सर बहुतेक वेळा बाहेरच्या भागात सुरू होतो, नलिकेपासून लांब, आणि सुरुवातीला काहीच जाणवू देत नाही. म्हणजे हे पोस्टर दोघांनाही फसवतं. ज्याला त्रास आहे तो कॅन्सरच्या भीतीने दवाखान्यात जात नाही. ज्याला काही त्रास नाही तो निर्धास्त राहतो.

आणि त्रास असलेल्यांची संख्या लहान नाही. पन्नाशी ओलांडलेल्या जवळजवळ निम्म्या पुरुषांच्या ग्रंथीत ही साधी वाढ सुरू झालेली असते. ऐंशीपर्यंत ती बहुतेकांत असते. सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही. पण ज्यांना होतो ते प्रवास टाळतात, बाहेर पडायचं म्हणून सकाळपासून पाणी पीत नाहीत, कार्यक्रमात दाराजवळची खुर्ची धरतात. घरचे म्हणतात वय झालं, तेही म्हणतात वय झालं. मग सर्दीसाठी दुकानातून आणलेली एखादी गोळी घेतात, तिच्यातल्या औषधाने मूत्राशयाचं तोंड आवळलं जातं, लघवी तुंबते आणि मध्यरात्री नळी घालायला धावावं लागतं. हे टाळता येण्यासारखं आहे. लघवीच्या त्रासाबद्दल सात प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते, 35 गुणांची. ती भरायला पाच मिनिटं लागतात. रक्तदाब किंवा साखर तपासायला आलेल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येक पुरुषाकडून प्राथमिक आरोग्य केंद्रातली परिचारिकाही ती भरून घेऊ शकते. यंत्र लागत नाही, रक्त लागत नाही. (स्वच्छ सार्वजनिक स्वच्छतागृहं हाही याच आजाराचा उपचार आहे, पण ते खातं आपलं नाही, हे मला ठाऊक आहे. शेजारच्या मंत्र्यांच्या कानावर घालावं.)

आता मूळ प्रश्न. पीएसए करायची की नाही? अमेरिकेत 1994 मध्ये कॅन्सर शोधण्यासाठी या चाचणीला मान्यता मिळाली. 2012 मध्ये तिथल्या प्रतिबंधक सेवांच्या तज्ज्ञगटाने सरसकट तपासणी नको असं सांगितलं. 2018 मध्ये त्याच गटाने मत बदललं: 55 ते 69 वयाच्या पुरुषाने डॉक्टरशी बोलून स्वतः ठरवावं, सत्तरीनंतर मात्र नको. ही धरसोड वाटते, पण त्यामागे खरा पेच आहे. युरोपातल्या मोठ्या अभ्यासाचे 23 वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष 2025 मध्ये आले. तपासणीला बोलावलेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू 13 टक्क्यांनी कमी झाले. एक मृत्यू टळण्यासाठी 456 जणांना बोलवावं लागलं. जीव वाचतात हे खरं. त्याच वेळी, कधीच उपद्रव न देणारे संथ कॅन्सरही सापडतात, त्यांच्यावर शस्त्रक्रिया होतात आणि काहींना आयुष्यभर लघवीवरचा ताबा किंवा लैंगिक क्षमता गमवावी लागते. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात, ग्रंथीपुरत्या मर्यादित कॅन्सरचे रुग्ण देखरेख, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार अशा तीन गटांत विभागले होते. पंधरा वर्षांनी तिन्ही गटांत या कॅन्सरने दगावलेले सुमारे तीन टक्केच होते. ‘लगेच काढून टाका’ आणि ‘लक्ष ठेवू’ यांतली निवड रुग्णाची असते, आणि ती करायला त्याला कोणीतरी शांतपणे समजावून सांगणारं लागतं. शिबिराच्या रांगेत ते होत नाही.

काही पुरुषांनी मात्र पन्नाशीची वाट बघू नये. ज्यांच्या वडिलांना किंवा भावाला हा कॅन्सर झाला आहे त्यांचा धोका साधारण दुप्पट असतो. घराण्यात स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कॅन्सर असेल तरी विचारायला हवं, कारण बीआरसीए-2 या जनुकातला दोष पुरुषांत प्रोस्टेटचा धोका वाढवतो, आणि हे बहुतेक घरांना माहीतच नसतं. हा एक प्रश्न फॉर्मवर छापायला कितीशी शाई लागते?

स्वीडनमध्ये 2020 पासून काही भागांत संघटित पद्धतीने काम सुरू झालं आहे. पुरुषाला घरी पत्र येतं, त्यात फायदे-तोटे लिहिलेले असतात, ठरवायचं त्याने. रक्ताचा आकडा जास्त आला तर आधी एमआरआय, आणि त्यात संशयास्पद दिसलं तरच बायोप्सी. पायऱ्या आधी ठरलेल्या असतात. आपणही आधी पायऱ्या बांधाव्यात. आकडा जास्त आला तर काही आठवड्यांनी पुन्हा तीच चाचणी, मग ठरलेल्या दवाखान्यात मूत्ररोगतज्ज्ञाची वेळ, एमआरआयची सोय, आणि बायोप्सी करायचीच झाली तर गुदाशयातून न करता त्वचेतून करण्याचं प्रशिक्षण, म्हणजे जंतुसंसर्गाचा धोका कमी. एवढं ज्या जिल्ह्यात जमत नाही तिथे शिबिर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘प्रोस्टेट निरोगी ठेवा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जीवनसत्त्वं-खनिजांच्या डब्यांकडेही पाहावं. सुमारे 35 हजार पुरुषांवरच्या एका मोठ्या चाचणीत सेलेनियम या खनिजाचा काही उपयोग दिसला नाही आणि जीवनसत्त्व ई घेणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सर 17 टक्क्यांनी जास्त आढळला. तरीही जाहिराती चालूच आहेत. त्या थांबवण्यासाठी आपण पुढाकार घ्यावा.

शेवटी एक मागणी. यापुढे शिबिरांचा अहवाल देताना किती जणांचं रक्त घेतलं एवढंच छापू नका. किती जणांचा आकडा जास्त आला, त्यांपैकी किती जण सहा महिन्यांत तज्ज्ञापर्यंत पोहोचले आणि किती जण वाटेत गळाले, हे जिल्हावार जाहीर करा.

कळावे.

आपला,
एक निवृत्त लॅब तंत्रज्ञ