मोबाइलमुळे झालेला अपघात आणि हातातून निसटणारा पुरावा

माननीय संपादक,

स.न.वि.वि.

गाडी चालवताना मोबाइल पाहू नये, हे आता कोणाला नव्याने सांगावे लागत नाही. परंतु अशा चालकामुळे जो जायबंदी होतो, त्याला नुकसानभरपाई मागताना चालकाचे लक्ष रस्त्यावर नव्हते हे बहुधा स्वतःच सिद्ध करावे लागते. त्यासाठी लागणारा पुरावा नेमका त्याच दिवसांत नाहीसा होत असतो, ज्या दिवसांत तो रुग्णालयात पडून असतो. या अन्यायाकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझ्या धाकट्या भावाची गाडी सिग्नलला उभी असताना मागून आलेल्या मोटारीने तिला जोरात धडक दिली. ‘मेसेज बघत होतो, सिग्नल लागलेला दिसलाच नाही,’ असे त्या चालकाने खाली उतरताच जमलेल्या लोकांसमोर कबूल केले. जबाबात मात्र पुढच्या गाडीने अचानक ब्रेक लावल्याचे नोंदवले गेले. ते कबुलीचे शब्द ऐकणाऱ्यांपैकी एकाचेही नाव आमच्याकडे नव्हते आणि चौकातील कॅमेऱ्याचे चित्रण आम्ही मागेपर्यंत त्यावर नवे चित्रण चढले होते. भावाच्या मानेची दुखापत कागदोपत्री दाखवता आली. ती कोणाच्या निष्काळजीपणामुळे झाली, हे दाखवताना आमची दमछाक झाली.

वाहन चालवताना मोबाइल वापरणाऱ्याकडून अपघात होण्याची शक्यता सुमारे चौपट असते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांत 50 मीटर अंतर कापते आणि एखादा संदेश वाचायला तीन सेकंद सहज लागतात. फोन हातात न धरता बोलले म्हणजे धोका टळला, हाही गैरसमजच आहे, कारण हात मोकळे असले तरी मन संभाषणात गुंतलेले असते.

हे सारे सिद्ध करणारी माहिती बऱ्याचदा अस्तित्वात असते. दूरध्वनी कंपनीच्या नोंदीतून कॉल आणि संदेश यांची वेळ कळते. पण चालक व्हिडिओ पाहत होता किंवा बोटाने पडदा सरकवत होता, हे त्यातून कळत नाही, त्यासाठी खुद्द फोनची तपासणी व्हावी लागते. अनेक आधुनिक मोटारींमध्ये धडकेपूर्वीच्या काही सेकंदांतला वेग आणि ब्रेक दाबला होता की नाही, हे नोंदवणारी यंत्रणा असते. शेवटपर्यंत ब्रेक दाबलाच नाही असे त्यात दिसले आणि ती वेळ फोनच्या नोंदीशी जुळली, तर चालकाला सबबी सांगणे अवघड जाते. रस्त्यावर टायर घासल्याच्या खुणा नाहीत, एवढ्यावर मात्र विसंबू नये, कारण चाके जाम होऊ न देणाऱ्या आजच्या ब्रेकमुळे अशा खुणा पुष्कळदा पुसटच उमटतात. गाडी दुरुस्त झाली किंवा भंगारात गेली, की ही नोंदही हातची जाऊ शकते. म्हणूनच फोन, गाडी आणि चित्रण यांतील माहिती जपून ठेवावी, अशी लेखी मागणी जखमीच्या नातेवाइकांनी किंवा वकिलांनी पहिल्या काही दिवसांतच संबंधितांकडे करायला हवी.

दुसरी घाई विमा कंपनीच्या बाजूने होते. उपचार चालू असतानाच एखादी रक्कम देऊ केली जाते आणि ‘सर्व दावे पूर्णतः मिटले’ अशा मजकुरावर सही मागितली जाते. घरात बिलांचा ढीग साचलेला असताना ती रक्कम मोठी वाटते, हे मी जवळून पाहिले आहे. परंतु पुढची शस्त्रक्रिया, कमी झालेली कमाईची क्षमता, देखभालीसाठी लागणारे माणूस आणि सोसलेल्या वेदना यांचा हिशेब तेव्हा झालेलाच नसतो, आणि सही केल्यावर वाढीव मागणीचा मार्ग बहुधा बंद होतो. डॉक्टरांनी प्रकृती स्थिरावल्याचे सांगेपर्यंत सही करू नये. दावा दाखल करण्याची मुदत मात्र आधीच विचारून घ्यावी.

तरीही सारा भार जखमीच्या कुटुंबावर टाकणे मला मान्य नाही. गंभीर दुखापतीच्या प्रत्येक अपघातात चालकाच्या रक्तातील मद्याची तपासणी जितकी सहज अपेक्षित धरली जाते, तितक्याच सहजपणे त्याच्या फोनमधील आणि गाडीतील नोंदी तपास यंत्रणेने स्वतःहून, कायद्याच्या चौकटीत राहून, सुरक्षित केल्या पाहिजेत आणि जखमीला त्या मागताच मिळाल्या पाहिजेत. ही मागणी आपल्या वृत्तपत्राने लावून धरावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक