क्रूझच्या जाहिरातीत शहरांबरोबर तासही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर भूमध्य समुद्रातल्या क्रूझच्या जाहिराती वृत्तपत्रांत येऊ लागतात. ‘सात रात्री, सहा शहरे’ असा मथळा, खाली रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, अथेन्स अशी नावांची रांग आणि शेवटी दरडोई एक आकडा. नागपुरातली कितीतरी जोडपी, विशेषतः नुकतीच निवृत्त झालेली, साठवलेल्या पुंजीतला मोठा वाटा एवढ्या माहितीवर मोकळा करतात. परदेश सहलींची आखणी हेच आमचे काम असल्याने आपल्याला आणि जाहिरातदारांना कळकळीची विनंती आहे की शहराच्या नावाशेजारी चार गोष्टी छापाव्यात. जहाज प्रत्यक्षात कोणत्या बंदरात थांबते, तिथून ते शहर किती लांब आहे, जहाज धक्क्याला लागते की समुद्रातच नांगर टाकते, आणि किती वाजता जहाजावर परतायचे असते. हे कळल्याशिवाय दोन क्रूझची तुलना करताच येत नाही.

रोमचेच घ्या. जहाज थांबते चिवितावेक्कियाला, रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. सकाळी सातला जहाज लागले तरी उतरायला आठ वाजतात. बंदराच्या आत पायी फिरता येत नाही, शटल बसने फाटकापर्यंत यायचे, तिथून स्टेशन गाठायचे, मग लोकल गाडी. सान पिएत्रो स्टेशनला पाऊण-एक तास, तेर्मिनी या मुख्य स्टेशनला त्याहून थोडा जास्त. म्हणजे रोममध्ये पाय ठेवेपर्यंत दहा वाजले. जहाज संध्याकाळी सातला सुटत असेल तर ‘ऑल अबोर्ड’ची, म्हणजे सगळ्यांनी जहाजावर परतण्याची, वेळ साधारण सहा-साडेसहाची असते, आणि गाडी चुकली तर हाताशी दीड-दोन तास असायलाच हवेत. सवातीन-साडेतीनला रोम सोडायचे, म्हणजे हाती उरले पाच तास. एवढ्यात व्हॅटिकन संग्रहालये आणि सेंट पीटर्स होतात, किंवा कोलोसियम आणि फोरम. दोन्ही होत नाहीत. करायला गेले की रांगांतच दिवस जातो. व्हॅटिकन निवडलेत तर सान पिएत्रोलाच उतरा, तिथून सेंट पीटर्स चालत जाण्याइतके जवळ आहे. संग्रहालये रविवारी बंद असतात, फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडतात, तेव्हा जहाज कोणत्या वारी तिथे पोहोचते ते बुकिंगच्या आधी पाहा. खांदे आणि गुडघे झाकलेले नसतील तर सेंट पीटर्समध्ये आत सोडत नाहीत.

‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो. तिथून फ्लॉरेन्स नव्वदेक किलोमीटर, गाडीने सुमारे दीड तास. पिसा मात्र वीस-पंचवीस मिनिटांवर आहे आणि पिसाहून लुक्का आणखी अर्ध्या तासावर. जहाज संध्याकाळी सहाला सुटणार असेल तर आमचा सल्ला स्पष्ट आहे: फ्लॉरेन्सचा हट्ट सोडा, पिसा आणि लुक्का निवांत पाहा. इटलीत प्रादेशिक गाडीच्या कागदी तिकिटावर फलाटावरच्या यंत्रात तारीख-वेळेचा शिक्का उमटवून घ्यावा लागतो. तिकीट खिशात असूनही शिक्का नसल्याबद्दल दंड होतो, आणि भारतीय प्रवासी हमखास सापडतात ते इथेच.

व्हेनिसच्या बाबतीत तर नाव वाचून फसगतच होते. ऑगस्ट २०२१ पासून २५ हजार टनांवरच्या जहाजांना शहराच्या मुख्य सान मार्को चौकासमोरून जायला बंदी आहे. मोठी जहाजे मार्गेरा या औद्योगिक बंदरात लागतात किंवा थेट राव्हेन्नाला, आणि राव्हेन्ना ते व्हेनिस रस्त्याने दोन-अडीच तास लागतात. जाहिरातीत ‘व्हेनिस’ असेल तर एजंटला बंदराचे नाव विचारा.

उलट नेपल्स आणि माल्टातले व्हॅलेटा ही कमी लेखली जाणारी बंदरे जोडप्यांसाठी सोन्यासारखी आहेत. दोन्हीकडे जहाज थेट शहराला लागते. व्हॅलेटात धक्क्याजवळच्या लिफ्टने वर गेले की अप्पर बराक्का बागेतून सगळे बंदर दिसते. गुडघेदुखी असलेल्यांनाही हे सहज जमते. नेपल्सहून ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई या प्राचीन शहराला गारिबाल्दी स्टेशनमधून चिरकुमव्हेसुव्हियाना गाडी आहे. ‘पाँपेई स्काव्ही’ या स्टेशनवर उतरायचे, सुमारे चाळीस मिनिटांचा प्रवास. नोव्हेंबर २०२४ पासून पाँपेईत दिवसाला २० हजारच लोकांना प्रवेश मिळतो आणि तिकिटावर नाव असते, म्हणून ते घरूनच काढावे आणि पासपोर्टवरचेच नाव घालावे. तिथे सावली जवळपास नाही. नागपूरकरांना ऊन नवे नाही हे खरे, पण भरदुपारी आपण उन्हात दगडी रस्त्यांवर चार तास चालत नाही. पाँपेईत नेमके तेच करावे लागते.

अथेन्सचे बंदर पिरेयस, शहरापासून दहा किलोमीटरवर, मेट्रोने मोनास्तिराकीला पंचवीस मिनिटांत पोहोचता येते. अक्रोपोलिसचे तिकीट वेळ ठरवून मिळते, सकाळी आठचे घ्यावे. उष्णतेची लाट आली की अक्रोपोलिस दुपारी काही तास बंद ठेवतात, आणि दुपारचे तिकीट काढलेले लोक पायथ्याशी अडकून पडतात.

सांतोरिनी या ग्रीक बेटाबद्दल जरा सविस्तर लिहायला हवे, कारण जाहिरातीतला निळ्या घुमटांचा फोटो तिथलाच असतो. तिथे मोठे जहाज धक्क्याला लागतच नाही. ते कॅल्डेरात, म्हणजे ज्वालामुखीच्या पाण्याने भरलेल्या विवरात, थांबते आणि प्रवासी छोट्या टेंडर होडीने जुन्या बंदरात उतरतात. जहाजाच्या स्वतःच्या सहली घेतलेल्यांना आधी सोडतात, बाकीच्यांना नंबर घेऊन थांबावे लागते. खाली उतरल्यावर वर ‘फिरा’ नावाच्या गावात जायला केबल कार, नाहीतर जवळपास सहाशे पायऱ्या. त्याच पायऱ्यांवरून गाढवेही जातात, त्यामुळे त्या गुळगुळीत आणि घाण असतात. तोल सांभाळणे अवघड जाणाऱ्यांनी तो रस्ता धरू नये. एका दिवशी तीन-चार जहाजे असली की केबल कारची रांग तासाच्या पुढे जाते, आणि खरी अडचण परतताना येते, कारण सगळ्यांना एकाच वेळी खाली यायचे असते. शेवटच्या टेंडरच्या दोन तास आधी रांगेत उभे राहा. २०२५ पासून दिवसाला आठ हजार क्रूझ प्रवाशांची मर्यादा आहे. त्याच वर्षीच्या जुलैपासून ग्रीस उतरणाऱ्या प्रत्येकाकडून शुल्क घेतो. सांतोरिनी आणि मिकोनोसला ऐन हंगामात माणशी २० युरो. हे शुल्क दरात धरले आहे की जहाजाच्या बिलात लागणार, ते लेखी विचारा.

जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रात उत्तरेचा मेल्तेमी वारा जोरात असतो. टेंडरच्या बंदरांत लाटा उसळल्या की कप्तान थांबाच रद्द करतो, आणि ते योग्यच आहे. अशा वेळी साधारणपणे फक्त बंदर-कर परत मिळतो, क्रूझचे पैसे नाहीत. म्हणून ज्यांचे मन एकट्या सांतोरिनीवर आहे त्यांनी मे, सप्टेंबर किंवा ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा निवडावा. विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात, तेव्हा घरी नातवंडांचे पाहावे लागणाऱ्यांनाही मे सोयीचा पडतो.

आता व्हिसा. सर्वांत महागडी चूक इथेच होते. इटली, फ्रान्स, स्पेन, ग्रीस, माल्टा शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच सामाईक व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहेत, क्रोएशियाही १ जानेवारी २०२३ पासून आहे. तुर्की आणि माँटेनेग्रो नाहीत. पिरेयसहून निघून तुर्कीतल्या कुशादासीला थांबून पुन्हा ग्रीक बेटावर येणारी क्रूझ म्हणजे शेंगेनमधून बाहेर पडून परत प्रवेश झाला. एकेरी प्रवेशाचा व्हिसा असेल तर चेक-इनलाच जहाजावर चढू देत नाहीत, तुम्ही कुशादासीला उतरणार नसलात तरी, आणि पैसेही परत मिळत नाहीत. अर्जात ‘मल्टिपल एंट्री’ मागा आणि सोबत बंदरांच्या तारखांसह क्रूझचे संपूर्ण वेळापत्रक जोडा. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा? जिथे सर्वाधिक दिवस, तिथे. दिवस सारखे असतील तर जिथून पहिला प्रवेश. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळेनाशी होते, म्हणून मेच्या क्रूझची तयारी दिवाळीनंतर लगेच सुरू करावी. परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट किमान तीन महिने वैध हवा आणि त्यात दोन कोरी पाने हवीत. विमा किमान ३० हजार युरोचा लागतो, पण ही व्हिसापुरती अट झाली. जहाजावरच्या डॉक्टरचे बिल वेगळे येते आणि समुद्रातून रुग्णाला हलवण्याचा खर्च फार मोठा असतो. इथली मेडिक्लेम पॉलिसी तिथे साधारणतः चालत नाही. क्रूझचा स्पष्ट उल्लेख असलेली आणि ‘जहाज चुकणे’ धरणारी पॉलिसी घ्या.

नागपूरहून निघणाऱ्यांनी जहाज सुटण्याच्या दिवशी तिथे पोहोचायचे तिकीट कधीही काढू नये. किमान एक रात्र आधी पोहोचावे. सोनेगावहून मुंबई किंवा दिल्लीचे विमान एका तिकिटावर आणि पुढचे आंतरराष्ट्रीय दुसऱ्या तिकिटावर असे काढले की पहिले विमान उशिरा पोहोचल्यावर दुसऱ्याची जबाबदारी कुणीच घेत नाही, शिवाय मध्ये सामान उतरवून पुन्हा द्यावे लागते. तीन-चार हजार रुपये जास्त पडले तरी सगळा प्रवास एकाच पीएनआरवर ठेवा. बॅग हरवली तर ती पुढच्या बंदरात येऊन मिळते, म्हणून औषधे, जेनेरिक नावांचे प्रिस्क्रिप्शन आणि दोन दिवसांचे कपडे हातातल्या पिशवीत हवेत.

खाण्याचे सामान हा आपल्याकडचा हळवा विषय. बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला युरोपीय संघात मनाई आहे. खव्याची संत्रा बर्फी, पेढे, तूप यांत आले, आणि ताजी संत्रीही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. चिवडा, शेव, खाकरा, चटण्यांच्या पुड्या न्याव्यात. पोहे-उपमा भिजवायला इलेक्ट्रिक किटली मात्र नेऊ नका. किटली, इस्त्री, पाणी तापवायची कॉइल हे सगळे आगीच्या धोक्यामुळे स्कॅनरवरच काढून घेतात. शाकाहारी किंवा जैन जेवण बुकिंग करतानाच लेखी नोंदवावे, आणि पहिल्या संध्याकाळी डायनिंग रूमच्या मुख्य व्यवस्थापकाला भेटावे. दुसऱ्या दिवशीचे जेवण आदल्या रात्री सांगितले की पोळी नसली तरी डाळ-भात, भाजी बहुतेक जहाजांवर करून देतात.

पैशांचे थोडक्यात. जाहिरातीतल्या आकड्यात बंदर-कर, माणशी दररोजचे सर्व्हिस चार्ज, पेये, वाय-फाय आणि शटल बस आहेत का ते एकेक करून विचारा. जहाजावर रोख चालत नाही, सगळे खोलीच्या कार्डावर चढते. खात्याला डेबिट कार्ड जोडले तर कंपनी आगाऊ रक्कम अडकवून ठेवते आणि ती सुटायला बरेच दिवस लागतात, म्हणून क्रेडिट कार्ड जोडा. कार्डाच्या यंत्राने रुपयांत की युरोत विचारले तर युरोच निवडा. फोन जहाजावर कायम एअरप्लेन मोडमध्ये ठेवा. जमीन दिसेनाशी झाली की फोन जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला लागतो आणि नेहमीचा रोमिंग पॅक त्याला लागू होत नाही.

घड्याळाचेही भान हवे. इटली आणि ग्रीस यांत एक तासाचा फरक आहे. जमिनीवर फोन आपोआप स्थानिक वेळ दाखवतो, जहाज मात्र स्वतःची वेळ पाळते. हाताला साधे घड्याळ बांधा आणि ते जहाजाच्या वेळेवर लावा. जहाजाच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबते किंवा कंपनी पुढची सोय करते. स्वतंत्र फिरणाऱ्यांसाठी थांबत नाही. रोज खोलीत येणाऱ्या पत्रकावर पोर्ट एजंटचा, म्हणजे त्या बंदरातल्या कंपनीच्या प्रतिनिधीचा, फोन नंबर असतो, त्याचा फोटो आणि पासपोर्टची झेरॉक्स दोघांच्याही जवळ वेगवेगळी असावी. नवरा-बायको वाट चुकून वेगळे झाले तर एकाच पिशवीतली कागदपत्रे दुसऱ्याच्या कामाची नसतात.

पहिल्या दिवशीची मस्टर ड्रिल, म्हणजे संकटाच्या वेळी कुठे जमायचे याचा सराव, टाळू नका. जानेवारी २०१२ मध्ये ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ जहाज इटलीच्या जिल्यो बेटापाशी खडकावर आदळले, ३२ जीव गेले. त्या दिवशीच चढलेल्या अनेकांची ड्रिल झालेली नव्हती. त्यानंतर नियम बदलला आणि आता जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी ती सक्तीची आहे. आपले मस्टर स्टेशन कोणत्या मजल्यावर आहे, ते दोघांनी एकदा जिन्याने चालत जाऊन पाहावे. आगीच्या वेळी लिफ्ट चालू नसते.

शेवटच्या रात्री बॅगा चिठ्ठी लावून खोलीबाहेर ठेवायच्या असतात. सकाळचे कपडे, चपला आणि पासपोर्ट त्यांत जाऊ देऊ नका. सकाळी उतरायला सात ते नऊ वाजतात, चिवितावेक्कियाहून फ्युमिचिनो विमानतळ मोटारीने तासाभरावर आहे. परतीचे विमान दुपारी दोनच्या आधीचे घेऊ नये.

आपले,
सहल-नियोजनाच्या कामातले दोन वाचक,
धरमपेठ, नागपूर