रीसेट मारायच्या आधी फाइल्सच नाही, सॉफ्टवेअर पण सांभाळा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी बडोद्याला दांडिया बाजारात घरूनच डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवायचं काम करते, लग्नाच्या-मुंजीच्या पत्रिका, आरत्यांची पुस्तकं, गणपती मंडळांच्या स्मरणिका, मराठी आणि गुजराती दोन्ही. गेल्या महिन्यात माझं जे नुकसान झालं ते दुसऱ्या कोणाचं होऊ नये म्हणून लिहितेय, पत्र जरा लांबलं तरी छापा ही विनंती.

कॉम्प्युटर फार स्लो झाला होता, चालू व्हायलाच दहा मिनिटं घ्यायचा. रिपेअरवाला मुलगा घरी आला, म्हणाला, "बेन, रीसेट मारी दऊं, फाइलो नहि जाय." रीसेट म्हणजे विंडोज पहिल्यापासून नव्यासारखं करणं. आणि खरंच फाइल्स नाही गेल्या, त्याने 'कीप माय फाइल्स' हाच ऑप्शन घेतला होता. संध्याकाळी बघते तर सगळे फोल्डर जागच्या जागी, पण ते उघडणारं काहीच नाही. पानं जुळवायचं सॉफ्टवेअर पेजमेकर गेला, फॉन्टचं पॅकेज गेलं, स्कॅनरचं सॉफ्टवेअर गेलं. डेस्कटॉपवर काढून टाकलेल्या प्रोग्रॅम्सची यादी तेवढी होती, ती विंडोज स्वतःच ठेवतं, त्यावरून काय काय गेलं ते कळतं पण परत त्यातलं काही मिळत नाही.

पेजमेकरची सीडी आणि सीरियल नंबर कपाटात सापडला म्हणून तो परत टाकता आला. त्याचं शेवटचं ७.० व्हर्जन २००१ मधलं, ते हल्ली बाजारात मिळत नाही, पण आमच्यासारख्यांची जुनी कामं अजून त्यातच पडून आहेत. खरा घात झाला तो फॉन्टचा. आमचे जुने मराठी फॉन्ट युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरवर अक्षरं सारखीच ओळखली जाणारी पद्धत) नाहीत, त्यात 'क' च्या जागी आतून कुठलं तरी इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह बसलेलं असतं आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, त्यामुळे तो फॉन्ट कॉम्प्युटरवर नसेल तर अख्खी आरती कंस, टिंबं आणि इंग्रजी अक्षरांचा काला दिसते. फाइल उघडताना पेजमेकर हरवलेल्या फॉन्टचं नाव सांगतो, मला ते पाठ आहे, पण फॉन्टची सीडी आता वाचलीच जात नाही. रीसेटच्या आधी सी ड्राइव्हच्या विंडोजमधलं फॉन्ट्स फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी केलं असतं तर एवढं झालंच नसतं, पाच मिनिटांचं काम होतं हो ते!

माझा भाचा यातला जाणकार आहे, त्याला विचारलं की प्रोग्राम फाइल्सचं फोल्डर उचलून ठेवलं असतं तर चाललं असतं का. तो म्हणाला नाही मावशी, बहुतेक सॉफ्टवेअर इन्स्टॉल होताना रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीत, नोंदी करतं, काही फाइल्स विंडोजच्या आत टाकतं, लायसन्स तिसरीकडेच ठेवतं, नुसतं फोल्डर परत आणून ते चालू होत नाही. म्हणून सेटअपची फाइल किंवा सीडी आणि की (सीरियल नंबर), दोन्ही हवं. की वहीत लिहून ठेवायची, कॉम्प्युटरवरच ठेवली तर काय उपयोग. सेटिंग्जमध्ये जी इन्स्टॉल केलेल्या ॲप्सची यादी दिसते तिचे मोबाइलवर फोटो काढायचे. विंडोजमध्ये विंगेट एक्स्पोर्ट (winget export) अशी एक कमांड पण आहे, ती यादीची फाइल बनवते आणि नंतर इम्पोर्ट केलं की त्यातली सॉफ्टवेअर नेटवरून आपोआप परत बसतात, फक्त आमच्या फॉन्टच्या पॅकेजसारखं जुनं सीडीवरचं काही तिला सापडत नाही.

अशा जुन्या सामानासाठी एकच खात्रीचा उपाय, अख्ख्या ड्राइव्हची सिस्टिम इमेज, म्हणजे आतल्या सगळ्याची हुबेहूब प्रत. कंट्रोल पॅनेलमध्ये 'बॅकअप अँड रिस्टोर (विंडोज ७)' या नावाने ती सोय विंडोज १० आणि ११ मध्ये पण आहे. बाहेरची हार्ड डिस्क लागते आणि वेळ बराच जातो, पण विंडोज, सॉफ्टवेअर, फॉन्ट, लायसन्स सगळं होतं तसं परत मिळतं. आणि ज्यांच्याकडे टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे त्यांनी रीसेटच्या आधी लायसन्स सरेंडर करावं, म्हणजे त्या कॉम्प्युटरवरून सोडवून घ्यावं, मग नव्याने ॲक्टिव्हेट करावं, हे आमच्या शेजारच्या दुकानदारांना मी स्वतः जाऊन सांगून आले.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे कितीतरी जुनी मशीन्स रीसेट होतायत नाहीतर बदलली जातायत. रिपेअर करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, "डेटा जाणार नाही" एवढंच सांगून हात लावू नका, कुठलं सॉफ्टवेअर लागतं, सीडी आहे का, की आहे का, फॉन्ट कुठले, हे आधी विचारा आणि पावतीवर लिहून द्या. त्या मुलावर माझा राग नाही, त्याला हे कोणी शिकवलंच नसणार.

मंडळाची ६४ पानांची जुनी स्मरणिका यंदा परत छापायची आहे. सुदैवाने एक छापील प्रत आमच्या घरी होती, ती समोर ठेवून युनिकोडमध्ये पहिल्यापासून टाइप करतेय, काल रात्रीपर्यंत एकोणीस पानं झाली.

आपली,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा