पावसाळ्याआधीच गरोदर बायकांची सोय करा

मा. संपादक,

गरोदर बायकांसाठी सरकारच्या योजना आहेत, नाही असं नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला फुकट तपासणी, पहिल्या बाळाला मातृवंदना योजनेचे ५ हजार, २०१७ पासून कर्नाटकच्या मातृपूर्ण योजनेतून अंगणवाडीत जेवण, अंडं, दूध, हे चांगलंच आहे. पण आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात भीमगड जंगलातली आमगाव, गवाळी, कोंगळा, पास्तोली ही गावं बघा, पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की १०८ ची रुग्णवाहिका गावापर्यंत येतच नाही, मग लाकडं बांधून त्यावर बाईला झोपवून गडी माणसं चिखलातनं डांबरी रस्त्यापर्यंत नेतात, त्यात कळा सुरू झालेल्या असल्या तर काय हाल होत असतील तिचे! एवढ्या योजना असून हे चालूच आहे, राग येतो की हो.

जून ते सप्टेंबर ज्यांची तारीख आहे त्यांना दोन आठवडे आधीच खानापुरात दवाखान्याजवळ ठेवा, सोबतीला घरची एक बाई, दोन्ही वेळचं जेवण. पूल, रस्ता व्हायला वर्षं लागतील, ह्याला तेवढी लागणार नाहीत. आणि गरोदर बाईच्या तपासणीची नोंद असते ते तायी कार्ड मराठीतही द्या, रक्त कमी लिहिलंय की बीपी जास्त, हे सासूला वाचता आलं तर ती वेळेत सुनेला घेऊन निघेल. जिल्हा पंचायतीनं मे महिन्यातच यादी करायला घ्यावी.

— एक वाचक, खानापूर