हिस्लॉप यांची टाकळी कोणती?

संपादक महोदय,

नागपूरचे मिशनरी आणि भूवैज्ञानिक स्टीफन हिस्लॉप (१८१७–१८६३) यांच्याविषयी लिहिताना दोन टाकळ्यांची गल्लत होऊ शकते. त्यांच्या लेखनात जीवाश्मांसाठी येणारी टाकळी नागपूरला लागूनच आहे. लाव्हाच्या दोन थरांमधल्या तळ्याच्या गाळात तिथे गोड्या पाण्यातले शंख-शिंपले सापडले. टाकळघाट मात्र शहराच्या दक्षिणेला, तिथली ओळख शिलावर्तुळांची, म्हणजे प्राचीन दफनांभोवती रचलेल्या दगडांच्या वर्तुळांची. ती पाहून परतताना, सप्टेंबर १८६३ मध्ये, पुराच्या पाण्यात हिस्लॉप बुडाले.

त्यांचे लेखन वाचताना आधी गाव, मग थर आणि शेवटी नमुना असा क्रम ठेवावा. गावाची नोंद हरवली की दगड संग्रहालयात नुसता पडून राहतो. मांगलीच्या वालुकाश्मातली उभयचराची कवटी त्यांनी लंडनला पोचवली, १८५५ मध्ये इंग्रज जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी तिचे 'ब्रॅकिऑप्स' असे नामकरण केले. ठिकाण नोंदलेले होते म्हणूनच ती आजही उपयोगाची आहे. मांगली नावाची गावे विदर्भात अनेक, तेव्हा नुसत्या नावावर विसंबू नये.

वयाचे आकडेही जसेच्या तसे उचलू नयेत. टाकळीचे थर हिस्लॉप यांनी इओसीन, म्हणजे डायनोसोरांनंतरच्या काळातले मानले. आज दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे डायनोसोरांच्या शेवटच्या कालखंडाच्या, क्रिटेशियसच्या, अखेरच्या आसपासचा धरतात. निष्कर्ष जुना झाला तरी निरीक्षण पक्के आहे, आणि हिस्लॉप यांचे सहकारी मिशनरी रॉबर्ट हंटर यांचा त्यातला वाटा आपण फारच सहज विसरतो.

— एक वाचक, नागपूर