नोंदणीआधी तीन आठवडे तयारी हवी

उन्हाळी सुट्टीत कुत्र्या-मांजरांना बोर्डिंगमध्ये ठेवण्याविषयीचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. आठवडाभर आधी नोंदणी करावी, हा त्यातील सल्ला अपुरा वाटतो. तयारी किमान तीन आठवडे आधी सुरू व्हायला हवी. आदल्या दिवशी टोचून घेतलेली लस कामाची नाही. प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. कुत्र्याची रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो आणि लेप्टो या संसर्गजन्य रोगांवरची लस कार्डावर तारखेसह नोंदलेली असावी. जो बोर्डिंगचालक हे कार्ड मागत नाही, त्याच्याकडे प्राणी ठेवूच नये, कारण त्याने शेजारच्या पिंजऱ्यातल्या कुत्र्याचेही कार्ड पाहिलेले नसते. गोचिडांचे औषधही आधीच द्यावे.

जागा पाहायला सकाळच्या गारव्यात नव्हे, दुपारी दोन वाजता जावे. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२ अंशांपुढे जातो. वर नुसते पत्रे असतील किंवा फरशीवर पाच सेकंदही तळहात टेकवत नसेल, तर तिथून परत फिरावे. बंद खोलीतला कूलरही फसवा असतो. हवा दमट झाली की कुत्र्याला धापा टाकूनही अंगातली उष्णता बाहेर टाकता येत नाही.

मांजरांची खोली वेगळी, भुंकणे ऐकू न येणारी हवी. बावरलेले मांजर खाणे सोडते. सलग दोन-तीन दिवस उपाशी राहिले, विशेषतः लठ्ठ असेल, तर यकृतावर बेतते. म्हणून घरचेच खाणे, दोन दिवसांचे जास्तीचे, आणि घरचा वास असलेली न धुतलेली चादर सोबत द्यावी.

– एक पशुवैद्यक, परभणी